नाताळच्या ताटावर विहीणबाई

कस्तुराबाई म्हणजे आमच्या विहीणबाई. निपाणीला त्यांची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यावर ती त्यांनी स्वतः चालवली, आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलता बोलता त्यांचा आवाज कायमचाच तसा झाला. त्या सहज बोलल्या तरी आमच्या बंगळूरमधल्या येलहंक्याच्या गल्लीत समोरच्या शेषगिरींना ऐकू जातं. माझं नेमकं उलटं. माझ्या शेजारी बसलेला माणूसही मला दोनदा विचारतो, "काय म्हणालात?" त्यामुळे आमच्या दोघांच्या गप्पा कधी पुढे गेल्या नाहीत. मी काही म्हणायचो, त्या "आँ?" म्हणायच्या, मी "काही नाही" म्हणायचो.

त्यांची मुलगी रंजिता आमची सून. ती आणि संग्राम, म्हणजे आमचा मुलगा, एकाच कॉलेजात होते. आम्ही ख्रिस्ती. मूळचे मिरजेचे. मी तरुणपणी कारखान्यातल्या नोकरीसाठी बंगळूरला आलो तो इथलाच झालो. रंजिताच्या माहेरी देव्हारा आहे, गुरुवारचे उपास आहेत. लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा मला वाटलं होतं, आता निपाणीहून आठ-दहा माणसं येतील आणि मला जाब विचारतील. आल्या एकट्या कस्तुराबाई. सगळं घर फिरून पाहिलं. आमचं स्वयंपाकघर पाहिलं, पिठाचा डबा उघडून चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "दळण बरं हाय. द्या पोरगी." म्हणजे घ्या पोरगी, असं म्हणायचं होतं त्यांना. घाईत उलटं बोलल्या. आम्ही सगळे हसलो, आणि लग्न ठरलं.

पण त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. उपास आहे म्हणाल्या होत्या.

लग्नानंतर त्या दोनदा आल्या. दोन्ही वेळा उपास होता. एकदा वार सोमवार होता, एकदा बुधवार. बुधवारचा उपास मी पूर्वी ऐकला नव्हता, पण आपल्याला सगळे उपास कुठे माहीत असतात? नयना, माझी बायको, मला रात्री म्हणाली, "अहो, त्या आपल्याकडचं खात नाहीत. तुमच्या लक्षात येतंय का?"

मी म्हणालो, "उपास असेल."

"उपासाला साबुदाणा चालतो की नाही? मी खिचडी केली होती. केळं चालतं की नाही? केळ्याला तर आपण हातही लावला नव्हता, सालीत होतं ते."

त्यानंतर माझ्या मनात ते बसून राहिलं. म्हणजे राग नव्हे. रागवायचा मला काय अधिकार? पण आपल्या घरचं पाणीही कुणाला चालू नये, हे मनाला लागतं. रंजिताला विचारावं असं मला अनेकदा वाटलं. पण आईबद्दल तिला काय विचारणार? नयनाने एकदा विचारलं तर ती म्हणाली, "आईचं काही मनावर घेऊ नका, ती तशीच आहे," आणि उठून कपडे वाळत घालायला गेली. कपडे आधीच वाळत घातलेले होते.

या वर्षी रंजिताने ठरवलं, आईला नाताळला बोलवायचं. संग्राम आणि ती एचएसआर लेआउटला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, कारण तिची नोकरी बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात आहे आणि येलहंक्याहून तिकडे रोज जाणं म्हणजे दिवस रस्त्यावर काढणं. पण नाताळ दरवर्षी आमच्याकडेच असतो. ती फोनवर नयनाला म्हणाली, "आई, या वेळी तिला जेवायलाच लावायचं. काहीही करून."

तिचा आवाज असा होता की नयनाने फोन ठेवल्यावर लगेच बाजार गाठला. मार्गशीर्ष चालू होता. मार्गशीर्षात त्या मटण-मासे खात नाहीत हे आम्हाला माहीत होतं. आमच्याकडे नाताळच्या दुपारी मटण असतंच. म्हणून नयनाने दोन नवी पातेली, एक झारा, एक तवा आणि एक नवं ताट-वाटी आणलं. मटण मागच्या अंगणात चुलीवर, आणि विहीणबाईंचं सगळं आत, नव्या भांड्यांत. मला भांड्यांवरची चिकटवलेली कागदी पट्टी काढायचं काम होतं. ती निघता निघत नव्हती. मी विचार करत होतो, एवढं करूनही त्या जेवल्या नाहीत तर? मग मला कोणता उपास म्हणून समजूत घालता येईल?

कस्तुराबाई नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी आल्या. आमच्या राज्यात बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, आणि त्यांना फुकट मिळणारी गोष्ट सोडणं पटत नाही. संग्रामने त्यांच्यासाठी झोपायच्या बसचं तिकीट काढलं होतं. ते त्यांनी रद्द करायला लावलं, आणि निपाणीहून धारवाड, धारवाडहून हुबळी, हुबळीहून इकडे, अशा लाल बस बदलत आल्या. अंग आंबून गेलं असणार. पण दारातून पहिला शब्द, "सलाम, व्याही!"

आमच्यात एकमेकांना सलाम म्हणतात, हे त्यांनी लग्नात ऐकलेलं. समोरच्या शेषगिरींनी खिडकी उघडून पाहिलं.

"सलाम, विहीणबाई. प्रवास ठीक झाला ना?"

"आँ?"

"काही नाही. या."

त्यांच्या पिशवीत ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या. नयनाने ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. रंजितानेही पाहिलं.

दिवसभर त्या घरात वावरल्या. करंज्यांना मुरड घालायला बसल्या, आणि त्यांची मुरड नयनापेक्षा बारीक पडली म्हणून दोघींत थोडं झालंही. "तुमची करंजी बगा, जशी वेणी घाईत घातल्याली," त्या म्हणाल्या. नयना म्हणाली, "अक्का, आमच्या करंज्या तळताना फुटत नाहीत. तुमची एक फुटली बघा." दोघी हसल्या. मला वाटलं, आता करंजी चाखतील. नाही चाखली. हात धुतला आणि अंगणात जाऊन आपली भाकरी मोडून खाल्ली. आपल्याच बाटलीतलं पाणी प्याल्या.

हाताने करायचं सगळं चालतं, तोंडात घालायचं नाही. हा काय प्रकार आहे, मला कळेना. विटाळ म्हणावा तर आमच्या पिठात त्यांनी कोपरापर्यंत हात घातले होते.

नाताळच्या सकाळी आमच्या मराठी मंडळींची उपासना लवकर असते, कारण नंतर ते मंदिर, म्हणजे आमचं चर्च, कन्नड मंडळींना द्यायचं असतं. कस्तुराबाईंना कुणी आग्रह केला नव्हता. पण नवी इरकल नेसून त्या आमच्या आधी तयार. मागच्या बाकावर बसल्या. भजन सुरू झालं, पेटी आणि तबल्यावर, तसं त्यांनी टाळ्या धरल्या. शब्द येत नव्हते. पण ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं की त्या ते पकडायच्या आणि सगळ्यांच्या मागून एक मात्रा उशिरा, गिरणीच्या आवाजात, म्हणायच्या. पुढच्या बाकावरची मंडळी वळून पाहत होती. पाळक हसत होते. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

उपासना संपल्यावर बाहेर झाडाखाली केक वाटतात. पाळकांच्या बायकोने त्यांच्यापुढे कागदी ताटली केली. मी दुरून पाहत होतो. म्हटलं, आता उपास आहे म्हणतील.

कस्तुराबाईंनी विचारलं, "अंडं हाय का यात?"

"नाही मावशी, बिनअंड्याचा आहे. इथे पुष्कळांना चालत नाही ना."

"मग द्या."

आणि त्यांनी केक खाल्ला. वर आणखी एक तुकडा मागून घेतला. तिथल्याच पिंपातलं पाणी प्याल्या.

मी उभाच राहिलो. इतकी वर्षं मी जे धरून चाललो होतो ते एका केकच्या तुकड्याने खोटं ठरलं. त्यांना ख्रिस्ती माणसाच्या हातचं चालत होतं. देवळातलं पाणी चालत होतं. फक्त आमच्या घरचं चालत नव्हतं. म्हणजे आमच्यात काय खोट होती? माझ्यात? घरी येईपर्यंत रिक्षात मी तेच घोळत होतो. रिक्षावाला म्हणत होता, "स्वल्प सरकून बसा, सर," आणि मी सरकतही नव्हतो.

घरी आल्यावर बायका स्वयंपाकघरात गेल्या. संग्राम आणि त्याचे दोन मित्र दिवाणखान्यात बसले होते. विहीणबाई अंगणात पायरीवर लसूण सोलत बसल्या. मी एवढं धाडस कधी करत नाही. पण केकचं दृश्य डोळ्यांपुढून जात नव्हतं. मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसलो आणि म्हणालो, "विहीणबाई, आमचं काही चुकलं का?"

"आँ?"

मी जवळ सरकलो आणि जरा मोठ्याने म्हणालो, "तुम्ही आमच्याकडे का जेवत नाही?"

त्यांनी लसणाची पाकळी खाली ठेवली. त्यांना खरंच नवल वाटलं असावं.

"म्हंजे? तुमाला ठावं न्हाई व्हय? रंजीनं सांगितलं न्हाई?"

"नाही."

"अवं, सोयरीक ठरली की लेकीला मूल झाल्याबगर आईनं तिच्या घरचं पानीबी प्याचं नसतंय! आमच्यात रीत हाय ही! उपास आपलं म्हनायचं. माजी आई माज्या घरला जेवली ती रंजी झाल्यावरच. ह्या दोघांस्नी अजून काय न्हाई, मग मी कशी जेवू?"

हे त्या मला सांगत होत्या, फक्त मला. पण आवाज तोच होता. दिवाणखान्यातलं बोलणं थांबलं. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. खिडकीतून मला रंजिता दिसली. हातात कोशिंबिरीचं वाडगं होतं. ते तिने ओट्यावर ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज झाला नाही, इतकं हळू लावलं.

आत्ता मला कळलं की ती आम्हाला का सांगत नव्हती. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता. तो प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. नयनाने फार ताबा ठेवला होता स्वतःवर. आणि आम्ही मात्र समजत होतो की प्रश्न आमच्या धर्माचा आहे. तिने आम्हाला तसं समजू दिलं. तेही तिला जड गेलं असणार. हे सगळं मी तिथे स्टुलावर बसून जुळवत होतो, आणि जुळत होतं का तेही नीट समजत नव्हतं.

कस्तुराबाईंना काही झालंय असं वाटलंच नाही. त्या लसूण सोलत राहिल्या.

जेवायची वेळ झाली. पाहुणे बसले. संग्राम जाऊन रंजिताला घेऊन आला. तिने तोंड धुतलेलं होतं. नयनाने नव्या ताटात वाढायला घेतलं: वांग्याची भाजी, वरण, भात, पुरणपोळी. ताट टेबलाच्या टोकाला ठेवलं. विहीणबाई आपली पिशवी घेऊन अंगणाकडे निघाल्या.

तेव्हा मी बोललो. कसं ते अजून मला कळत नाही. मी म्हणालो, "थांबा. हे घर रंजिताचं नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. संग्राम म्हणाला, "अप्पा?"

"म्हणजे, रंजिताचं घर एचएसआरला आहे. हे माझं घर आहे. मी तुम्हाला भाऊ म्हणून बोलावतो. भावाच्या घरी जेवायला काय हरकत आहे?"

या वेळी त्यांनी "आँ?" केलं नाही. पिशवी खांद्यावर तशीच होती. मग म्हणाल्या, "व्याह्याचा भाऊ करायचा? आसं कुटं आसतंय?"

नयना म्हणाली, "अक्का, तुम्ही त्यांना भाऊ म्हटलं की मी तुमची भावजय होते. भावजयीच्या हातचं सगळ्यात वाईट लागतं, पण खावं लागतं."

पाहुणे हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. विचार करत होत्या. "नुसतं तोंडानं म्हनून भाऊ होत न्हाई," त्या म्हणाल्या. "भावानं साडीचोळी करावी लागती."

साडी तर होतीच. नाताळची भेट म्हणून नयनाने आणून ठेवलेली, हिरवी. तिने ती घडी माझ्या हातात दिली आणि मी ती विहीणबाईंच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि ताटावर येऊन बसल्या. "आता वाढ की गं वहिनी, गार झालं समदं."

त्या पोटभर जेवल्या. पुरणपोळी तीन खाल्ल्या. मला "दादा" म्हणाल्या. मी त्यांच्यापेक्षा मोठा आहे का तेही कुणी विचारलं नाही. मित्रमंडळी टाळ्या वाजवत होती. माझ्या आयुष्यात कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. मी रंजिताकडे पाहिलं, तिला बरं वाटलं असेल म्हणून. ती सगळ्यांना वाढत होती. स्वतः बसली नव्हती.

हात धुवायला मी मागे गेलो तेव्हा ती तिथे होती. हळू म्हणाली, "अप्पा, तुम्ही फार चांगल्या मनाने केलंत."

"हो ना?"

"पण म्हणजे माझ्या घरी ती जेवणार नाहीच. आता तर तिला सोय झाली."

मी हातावर पाणी घेत राहिलो. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी एक गाठ सोडवली असं सगळ्यांना वाटत होतं, आणि तिच्या दृष्टीने मी ती आणखी घट्ट केली होती. दोन्ही खरं कसं असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळत नाही.

नाताळ संपला की आमच्याकडे सगळं एकदम थांबतं. पाहुणे गेले, मटणाचं पातेलं घासून पालथं पडलं, दारावरचा तारा दिवसा फिका दिसू लागला. नयना शाळेच्या शिकवण्या घेते, त्या सुरू झाल्या. मी सकाळी दूध आणून पेपर वाचायला लागलो. नेहमीसारखं होईल असं मला वाटलं होतं. विहीणबाई नव्या वर्षापर्यंत लेकीकडे राहणार होत्या, म्हणून संग्राम त्यांना एचएसआरला घेऊन गेला होता. जाताना नयनाने चार पुडांचा डबा भरून दिला. पाण्याच्या बाटल्याही आमच्या नळाच्या भरल्या. "भावाच्या घरची शिदोरी," विहीणबाई अभिमानाने म्हणाल्या.

दोन दिवसांनी फोन आला. फोन मी कानापासून लांब धरला.

"दादा! डबा संपला!"

"बरं."

"आँ?"

"आणतो!" मी ओरडलो. शिकवणीची मुलं हसली.

येलहंक्याहून एचएसआर म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं टोक. मॅजेस्टिकला बस बदलायची, मग सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीत बसून राहायचं. डबा मांडीवर, आमटी सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. शेजारचा तरुण इंजिनिअर म्हणाला, "अंकल, मुलासाठी?" मी म्हणालो, "बहिणीसाठी." आणि असं म्हणताना मला कसंतरीच झालं. बहीण तर लेकीच्या घरात बसलेली, जिथे गॅस आहे, तांदूळ आहे, फ्रीज भरलेला आहे. आणि मी शहर ओलांडून वरण नेतोय. हे भावाचं कर्तव्य आहे की वेडेपणा, मला सांगता येईना.

त्या पहिल्या खेपेला घरी फक्त विहीणबाई होत्या. डबा घेतला, माझी विचारपूस केली, रिकामा डबा धुऊन परत दिला. रंजिताच्या ओट्यावर झाकलेलं भांडं होतं. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेला रंजिता घरी होती. त्या दिवशी तिने घरूनच काम घेतलं होतं. दार तिनेच उघडलं. माझ्या हातातला डबा पाहिला आणि म्हणाली, "या अप्पा. जेवूनच जा."

टेबलावर तीन ताटं होती. भात, आमटी, भरली ढोबळी मिरची, कोशिंबीर. सगळं तिने केलेलं. तिने माझ्या हातातून डबा घेतला, उघडला, आणि त्यातलं सगळं आपल्या ताटात वाढून घेतलं. चारही पुडं. नयनाची उसळ, वरण, भात, पोळ्या. मग खाली बसून जेवायला लागली.

विहीणबाई पाहत राहिल्या. "आगं, हे काय?"

"मामाकडचं आहे ना?" रंजिता म्हणाली. "मी भाची. माझाही हक्क आहे."

"आन मी काय खाऊ?"

"तुझं ताट वाढलंय की."

मला पळून जावंसं वाटत होतं. पण माझ्यापुढेही ताट होतं, आणि ते तिने वाढलेलं होतं. मी पहिला घास घेतला. रंजिता एकसारखी जेवत होती. एवढं तिला खाववत नव्हतं हे दिसत होतं, तरी पोळीचा तुकडा मोडत होती, उसळीला लावत होती, गिळत होती. डोळ्यांत पाणी होतं. ते उसळीच्या तिखटाचं असेल. नयना तिखट घालते.

मध्येच ती थांबली आणि ताटात पाहूनच बोलली. "आई, आम्हाला मूल होईल की नाही ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही. नाही झालं तर तू जन्मभर डबा मागवणार? अप्पांचं वय काय आहे बघ."

माझं नाव निघालं तसा मी भात आणखी बारीक चावू लागलो.

कस्तुराबाई उठल्या. मला वाटलं, पिशवी घेऊन निपाणीला निघाल्या. त्या टेबलाला वळसा घालून लेकीच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि खाली वाकून काहीतरी बोलल्या. अगदी हळू. मी इतक्या जवळ बसलो होतो, तरी मला ऐकू आलं नाही. त्यांना इतकं हळू बोलता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. रंजिताने मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, तेही मला समजलं नाही.

मग त्या आपल्या ताटावर येऊन बसल्या. भातावर आमटी कालवली. घास घेतला. चावला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, पूर्वीच्याच आवाजात.

"घाल ना वरून," रंजिता म्हणाली आणि मिठाची वाटी सरकवली.

"वरनं घातल्यालं मीठ मुरत न्हाई. किती बार सांगितलंय तुला." आणि त्यांनी दुसरा घास घेतला.

एवढंच झालं. कुणी रडलं नाही, कुणी कुणाला मिठी मारली नाही. रंजिताच्या ताटात अर्ध्या पोळ्या उरल्या, त्या तिने फ्रीजमध्ये ठेवल्या. विहीणबाईंनी आमटी पुन्हा मागून घेतली, आणि पाणी नळाचं प्याल्या. निघताना मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी मला दादाही म्हटलं नाही आणि व्याहीही म्हटलं नाही. "सावकाश जावा," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होतो. त्यांनी रीत मोडली का? की रागाने, भुकेने एक दिवस जेवल्या? लेकीला काय बोलल्या असतील? माफी मागितली असेल, की आणखी एखादी अट घातली असेल? आणि मी अजून त्यांचा भाऊ आहे, की ते फक्त त्या नाताळपुरतं होतं? यातलं कुणालाही विचारावं असं धाडस मला पुन्हा होणार नाही.

घरी पोचलो तेव्हा शिकवणीची मुलं निघत होती. नयनाने डबा हातात घेऊन उघडून पाहिला. "रिकामा? जेवल्या वाटतं त्या."

"हो. म्हणजे डबा रंजिताने खाल्ला. त्या रंजिताच्या हातचं जेवल्या."

नयना माझ्याकडे पाहतच राहिली. मग खुर्चीत बसली. "खरं?"

"खरं."

"मग आता डबा भरायचा की नाही?"

मी चप्पल काढत होतो. फार वेळ घालवला त्या चपलेवर.

"माहीत नाही," मी म्हणालो. "भाजी तेवढी चिरून ठेव."